मे महिन्यात फाटलेले ओठ

लग्नसराईत आमच्या नौपाड्यातल्या पार्लरमध्ये नवरी एकटी अशी येतच नाही. आई, मावशी, वहिनी, कोणी ना कोणी बरोबर असतंच, आणि फॉर्म बहुतेक वेळा तीच भरते. अ‍ॅलर्जी? ‘नाही.’ औषधं चालू आहेत? ‘छे हो, तिला काही नाही.’ नवरी शेजारी बसून मान डोलावते. त्या फॉर्मवर माझा भरवसा कधीच नव्हता, आणि त्या दुपारनंतर तर मुळीच राहिला नाही.

मुलगी होणाऱ्या सासूबाईंबरोबर आली होती. पॅकेज सासूबाईंकडून. ‘हात, पाय, पाठ, चेहरा, सगळं वॅक्स करा. पैशाकडे बघू नका,’ म्हणाल्या. माणूस प्रेमळ, हे आधीच सांगते. हळद चार दिवसांवर होती, म्हणजे वेळ अगदी बरोबर. आदल्या दिवशी वॅक्स करून दुसऱ्या दिवशी हळद लावली की आग होते, कारण केसांची छिद्रं मिटलेली नसतात. केसही पाव इंचाच्या आसपास वाढलेले. त्याहून आखूड केस मेणात नीट पकडले जात नाहीत, अर्धवट तुटतात आणि मग आतल्या आत वाढून पुटकुळ्या येतात. म्हणून दाढीचं ब्लेड फिरवलेलं असेल तर दोन-तीन आठवडे थांबून या, असं आम्ही फोनवरच सांगतो. ऐकणाऱ्या थोड्या.

मी हीटर लावला, पावडर काढली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठांचे कोपरे चिरलेले, खालच्या ओठाची साल निघत होती, आणि ती सारखी बाम लावत होती. मे महिन्यात ठाण्यात आमच्या अंगावर टाकलेली पावडर घामाने पाच मिनिटांत ओली होते. त्या हवेत असे ओठ फाटत नाहीत. हाताचा मागचा भागसुद्धा खरखरीत, जरा लालसर. आणि चेहरा मात्र स्वच्छ, एकही ताजं मुरूम नाही, गालावर फक्त जुने डाग.

‘काकू, तोवर तुमचे आयब्रोज करून घेऊ या,’ म्हणून मी सासूबाईंना बाहेरच्या खुर्चीवर माझ्या सहकारी ताईच्या हवाली केलं. आतल्या खोलीचं दार लावलं. गोळ्या घेतेस का, असं विचारलं नाही, कारण फॉर्मवर ‘नाही’ लिहून झालं होतं. मी विचारलं, ‘हा बाम लावायला कोणी सांगितलं गं?’

‘डॉक्टरांनी,’ ती म्हणाली, आणि लगेच दाराकडे बघितलं.

फोनमध्ये चिठ्ठीचा फोटो होता. आयसोट्रेटिनॉइन. मुरमांसाठीची गोळी. बघायला आले त्याच्या आधीपासून चालू होती, त्यामुळे सासरच्या कोणी तिचा मुरमांनी भरलेला चेहरा पाहिलेलाच नव्हता. ‘त्यांना कळलं तर म्हणतील, फसवलं.’

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण हे माहीत नसलेल्या पार्लरवाल्यासुद्धा मला भेटतात. मेण फक्त केसाला चिकटत नाही, कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरालाही चिकटतं. धडधाकट त्वचेवर तेवढंच निघतं आणि हात मऊ लागतो. या गोळीने तेलग्रंथी आक्रसतात, त्वचा कोरडी आणि नाजूक होते. मग कातडी कितीही ताणून धरा, पट्टी वर न उचलता कातडीलगत उलट्या दिशेला कितीही सफाईने ओढा, केसाबरोबर सालपट निघून येतं. खाली उरते लाल, ओलसर जागा. दुसरीकडे अपर लिप करून आलेल्या एका मुलीचं मी ते बघितलंय. खपली पडून गेली, काळा डाग कितीतरी दिवस राहिला. म्हणून गोळी चालू असताना वॅक्स नाही आणि बंद केल्यावरही निदान सहा महिने नाही. मुरमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीनचं क्रीम लावत असाल तर त्या जागेवर वॅक्स नाही. किती दिवस आधी क्रीम थांबवायचं, ते डॉक्टरांना विचारा. ‘फेसवॉशच तर आहे’ म्हणून ट्यूब लपवू नका. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, पायावरच्या फुगलेल्या शिरा, हेही सांगायचं.

पण त्या खोलीत मला वॅक्सपेक्षा मोठी काळजी लागली. या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळी बंद केल्यावरही निदान एक महिना जाऊ द्यावा लागतो. मी तिला विचारलं, ‘लग्न ठरल्याचं डॉक्टरांना सांगितलंस?’

ती गप्प. मग म्हणाली, ‘गोळी घेताना दिवस राहू द्यायचे नाहीत असं ते म्हणाले होते. पण तेव्हा लग्न ठरलंच नव्हतं ना. परत सांगायला गेलेच नाही.’

मी डॉक्टर नाही. गोळी बंद कर की चालू ठेव, हे मी सांगितलं नाही. इथून बाहेर पडल्यावर पहिला फोन डॉक्टरांना कर, लग्नाची तारीख सांग, आणि नवऱ्याशी लग्नाआधी बोल, एवढंच सांगितलं. तिने दोन्हीला मान हलवली. तीच मान जी फॉर्म भरतानाही हलली होती.

बाहेर येऊन मी सासूबाईंना म्हटलं, ‘काकू, हिची त्वचा सध्या फार कोरडी आणि नाजूक आहे. मी वॅक्स लावणार नाही. कातडी निघाली तर हळदीत सोसणार नाही.’

‘नाजूक म्हणजे? काही रोग आहे का?’

‘रोग नाही.’ हे खरंच होतं, म्हणून ठामपणे म्हणता आलं. हातापायांना ट्रिमर लावून देते, चेहऱ्याला काही नको, मेकअपमध्ये लव दिसत नाही, असं सुचवलं. त्यावर नेहमीचं आलं: ‘अहो, मग केस दाट येतील!’ येत नाहीत. टोक आडवं कापलं गेल्यामुळे बोटाला टोचतं, एवढंच. मुळापाशी काहीच बदलत नाही. हे मी आयुष्यभर सांगत राहणार आहे. त्या उठल्या. म्हणाल्या, राम मारुती रोडला ढिगाने पार्लरं आहेत, कोणीही करून देईल. ते खरं आहे, आणि माझा राग त्यावरच आहे. कोणीही करून देतं, एक प्रश्न न विचारता.

तेव्हा मुलगी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. ‘आई, मला वॅक्स नाही करायचं.’ सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि पर्स पुन्हा खाली ठेवली. ट्रिमरने काम झालं, वर साधं वासाशिवायचं मॉइश्चरायझर.

सहकारी ताईचं म्हणणं, मी सासूबाईंना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. उद्या काही झालं तर? मी त्यावर खूप विचार केला, अजूनही करते. ती सज्ञान आहे, औषध तिचं आहे, गर्भाशयही तिचंच. ते मी तिसऱ्या माणसाला कसं सांगू? पण तिने तो फोन केला की नाही, हे विचारायचा हक्कही मला नाही, आणि हे मला जड जातं.

आता आमच्याकडे फॉर्म काउंटरवर मिळत नाही. तो आतल्या खोलीत भरायचा, एकटीने, दार लावून. सख्खी आई असली तरी बाहेर बसायचं. ताई म्हणते, बायका चिडतात. चिडू देत.