पासिंग साडेअठ्ठावीस टन, पावती साडेपस्तीस टन

ऊस कारखान्याला गेला की एक पावती येते हातात, आता मोबाईलवर मेसेज पण येतो. त्यात तीन आकडे असतात, भरलेल्या गाडीचं वजन, मोकळ्या गाडीचं वजन आणि निव्वळ ऊस. आपण सगळे तिसराच आकडा बघतो कारण बिल त्याचंच निघतं. कारखान्याने वजनात काटा मारला का, शेजारच्याच्या गाडीत जास्त कसा भरला, मागच्या साली ह्याच रानात एवढा पडला होता मग यंदा का नाही, सगळी चर्चा त्या तिसऱ्या आकड्यावर. पहिला आकडा कुणी वाचतच नाही. आमच्या वाळवा तालुक्यात तरी मी कुणाला वाचताना बघितलेलं नाही.

तर आत्ता माझ्यासमोर आमच्या खोडव्याच्या, म्हणजे तोडल्यावर परत फुटून आलेल्या उसाच्या, एका खेपेची पावती आहे. दहा चाकी ट्रक. भरगाडी ३५.६४० टन, मोकळी १०.२२०, ऊस २५.४२०. आता दहा चाकी म्हणजे तीन एक्सलची गाडी, तिची वजनाची मर्यादा, म्हणजेच पासिंग, केंद्राने २०१८ च्या जुलैमध्ये वाढवून दिली, आधी २५ टन होती ती २८.५ टन केली, सहा चाकीची १६.२ वरून १८.५ केली. आणि ही मर्यादा गाडीसकट मालाची हां, नुसत्या मालाची नाही, ह्यात भलेभले गल्लत करतात. म्हणजे ह्या गाडीत कायद्याने सव्वाअठरा टन ऊस बसतो आणि भरला होता पंचवीसच्या वर. सात टन जादा. बरं ही काय वेगळी गाडी नव्हे, रोजची नॉर्मल गाडी आहे. उलट ड्रायव्हर म्हणत होता, "मालक, ऊस वाकडा होता म्हणून हलकीच बसली, सरळ ऊस असता तर अजून दोन टन ओढला असता."

दंड किती ते पण बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४. आधी २,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला १,००० असा दंड होता, २०१९ च्या दुरुस्तीत तो २०,००० आणि टनाला २,००० झाला. म्हणजे आमच्या त्या गाडीला ३४,००० च्या आसपास, ट्रकवाल्याचं चार-पाच खेपांचं भाडं गेलं असं धरा. शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा, उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, आणि उतरवायचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी. माल बॉडीच्या बाजूने, मागनं किंवा उंचीला बाहेर गेला तर त्याचे वेगळे २०,०००. आता उसाची गाडी बाजूनं बाहेर आलेली नाही अशी तुम्ही कधी बघितलीय का? मोटरसायकलवरून शेजारनं जाताना उसाच्या वाढ्याचा हिरवा शेंडा तोंडाला लागतो एवढी बाहेर असते.

पण मला ह्या कलमातला सगळ्यात भारी भाग वेगळाच वाटतो. त्यात दंड नुसता चालवणाऱ्याला नाही. जो गाडी चालवतो, किंवा चालवायला लावतो, किंवा चालवू देतो, असे तिघे त्यात बसतात. आता चालवायला लावतो कोण आणि चालवू देतो कोण ते सांगायला वकील नको.

आरटीओची गाडी फाट्यावर आडबाजूला उभी राहते, एखादा ट्रक सापडतो, बाकीचे फोनाफोनी करून आतल्या रस्त्यानं निघून जातात. आणि तिकडं कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडी दहा-वीस किलोच्या हिशोबात मोजली जाते, गाडी नंबर, तारीख, वेळ सगळं छापून कंप्युटरमध्ये जातं. वैधमापनवाल्यांनी तपासून सील केलेला काटा आहे तो. म्हणजे ओव्हरलोडचा पुरावा शोधायची गरजच नाही, अख्ख्या सीझनचा पुरावा एका जागी पडून आहे, नीट नंबर लावून. फक्त तो काटा उसाचं बिल काढायला बसवलाय, रस्ता वाचवायला नाही, म्हणून ३५ टन आकडा येतो आणि कुणाची पापणी हलत नाही.

असं का होतं तर साखळीतल्या प्रत्येकाला पैसे टनावर मिळतात, दुसरं काही नाही. तोडणी कामगाराला टनावर. २०२४ च्या जानेवारीत करार झाला तेव्हा दर २७३ वरून ३६६ रुपये टन झाला. मुकादमाचं कमिशन त्याच्यावर. वाहतूकदाराला टन आणि किलोमीटरवर. शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, तोही टनावर. सीझन संपला की कारखान्याच्या गेटवर फ्लेक्स लागतो इतके लाख टन गाळप म्हणून. चुकून एक माणूस असा नाही की ज्याला गाडी हलकी भरली तर फायदा आहे.

त्यातल्या त्यात वाहतूकदाराचं दुखणं समजून घ्या, कारण शिव्या त्यालाच पडतात. माझा चुलतभाऊ हाच धंदा करतो म्हणून जवळून माहिती आहे. कारखान्याशी करार करायचा, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, ती उन्हाळ्यात-पावसाळ्यात बीडकडं किंवा जतकडं जाऊन मुकादमाला द्यायची. तोडणीची टोळी आली तर आली. अर्धे कोयते (तोडणाऱ्या जोड्या) आले, बाकीचे दुसऱ्याची उचल घेऊन कर्नाटकात गेले, असं दर साली कुणाचं ना कुणाचं होतंच, आणि ती बुडालेली रक्कम कारखाना वाहतूकदाराच्या बिलातून कापतो. वर ट्रॅक्टरचा हप्ता. डिझेल. आणि हे सगळं भरून निघायचं फक्त चार-साडेचार महिन्यात. त्यात गाडी भरून नेली तर तळावर, म्हणजे कारखान्याच्या गाड्या थांबायच्या मैदानावर, नंबर, दहा-बारा तास गाडी उभी, गव्हाणीत (ऊस मिलमध्ये नेणाऱ्या पट्ट्यावर) ऊस कधी पडेल ते कारखान्याच्या हातात, मिल बंद पडली तर विषयच संपला. दिवसाला एकच खेप होणार असेल तर माणूस ती एक खेप फुगवणारच की. भाऊ म्हणतो, "मला दोन खेपा करून द्या, मी अठरा टनावर भरतो, माझे टायर काय फुकट आलेत काय?" आणि ते खरं आहे, ओव्हरलोडमध्ये टायर, पाटे, एक्सल सगळं त्याचंच जातं. म्हणजे तळावरची रांग हे ओव्हरलोडचं एक मोठं कारण आहे, आणि ह्यावर कोण बोलत नाही, सगळे ड्रायव्हरला मुजोर म्हणून मोकळे.

ट्रकचं तरी बरं, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावतात तो प्रकार बघायचा असेल तर संध्याकाळी फडावर यायचं. ट्रॉलीला फळी लावलेली असते, डोक्यावर मोळी घेऊन बाया-माणसं त्या फळीवरून चढतात, खाली पाचट, अंधार पडत आलेला. साखळ्या आवळून झाल्या की हेड, म्हणजे ट्रॅक्टर, जोडायचं. काळं रान, त्यात पाटाचं पाणी पाझरलेलं, मागचं चाक फिरायला लागलं की पुढची चाकं जमिनीवरून उचलतात. मग दोघं-तिघं पुढं बंपरवर उभे राहतात वजन म्हणून, हसत हसत. दुसरा ट्रॅक्टर पुढनं वायररोप लावून ओढतो आणि धूर काढत गाडी एकदाची डांबरीवर येते. डांबरीवर आली की टेप चालू, एवढ्या मोठ्या आवाजात की मागचा हॉर्न ऐकू जात नाही. मागं रिफ्लेक्टर असला तर असला, वाढ्यांनी झाकलेला. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला, मागच्या वीस टनाला कसला ब्रेक. दर साली आमच्या भागात रात्री उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल जाऊन माणूस गेल्याची बातमी असते, साखर आयुक्तालयाची रिफ्लेक्टर लावायची सूचनाही असते, दोन्ही एकाच पेपरात.

आता रस्त्याचं. लोकांना वाटतं गाडी दीडपट भरली तर रस्ता दीडपट खराब होईल. तसं नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० ह्या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवून बघितले, त्यातून इंजिनिअर लोकांचा एक ढोबळ नियम निघाला की एक्सलवरचं वजन वाढतं त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याचं नुकसान वाढतं. दुप्पट वजन तर सोळापट. दीडपट तर पाचपट. म्हणजे एकाच एक्सलवर दुप्पट वजन टाकून एक खेप वाचवली तर दोन साध्या खेपांनी जेवढं झालं असतं त्याच्या आठपट नुकसान झालं. रस्ता कसा बांधलाय त्यावर हे कमीजास्त होतं, पण अंदाज यायला पुरेसं आहे.

आणि हे वजन कुठल्या रस्त्यावर? हायवेला फार थोडा वेळ. फडापासून निघाल्यावर पाणंद, मग ग्रामसडकचा पावणेचार मीटरचा एकपदरी रस्ता, मग जिल्हा मार्ग. ग्रामसडकचे रस्ते कमी वर्दळीसाठीच डिझाईन केलेले असतात, दिवसाला थोड्या गाड्या, एसटी, दुधाचा टेम्पो एवढं धरून. २०२१-२२ च्या सीझनला महाराष्ट्रात १,३०० लाख टनाच्या वर ऊस गाळला. एका गाडीत २० टन धरले तरी ६५ लाख खेपा, त्याही सगळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल-मे, आणि त्या साली काही ठिकाणी पार जूनपर्यंत.

इथं थोडं आपल्या लोकांविरुद्ध पण बोलतो. रस्ता खराब झाला की आपण गाड्यांना नावं ठेवतो, पण रस्त्याकडेची गटर बुजवून दोन सऱ्या कुणी वाढवल्या? रात्रीच्या लाईटला मोटर चालू करून झोपायचं आणि सकाळपर्यंत पाणी रस्त्यावर, हे कोण करतं? काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते, वर डांबराचा पापुद्रा राहतो नुसता. नोव्हेंबरला पहिली गाडी येते तेव्हा रस्त्याच्या पोटात पावसाळ्याचं आणि पाटाचं पाणी तसंच असतं, त्यावर ३५ टन गेलं की चाकोरी पडलीच म्हणून समजा. ओव्हरलोड आणि पाणी दोन्ही मिळून रस्ता मारतात. मग सीझनच्या तोंडावर कारखाना चार गाड्या मुरूम टाकतो, तो पहिल्या आठवड्यात धूळ होऊन कडेच्या उसावर बसतो.

बाहेर काय करतात म्हणून बघत होतो तर अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचं सापडलं, तिथं साखरेच्या बीटाचं मोठं पीक आहे, आपल्यासारखीच घाई. तिथं काढणीच्या दिवसात, १५ जुलै ते ३० नोव्हेंबर, शेतातून पहिल्या साठवणीच्या जागेपर्यंत १० टक्के जादा वजन चालतं, पण परवाना काढून, फी भरून. हिवाळ्यात जमीन गोठून कडक होते तेव्हा परत ती सूट मिळते. मला हे पटलं. पिकाची घाई खरी असते, तोडलेला ऊस चोवीस तासात गाळला नाही तर वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) दोन्ही पडतं, म्हणून थोडी ढील द्या, पण मोजून. आमच्याकडं कागदावर अशी हंगामी सूट नाही आणि रस्त्यावर पंचवीस टक्के जादा, मधलं काहीच नाही.

बैलगाडीवाल्यांची वेगळीच तऱ्हा, त्यांच्यावर दोन-अडीच टन आणि ओढणार दोन जनावरं. इस्लामपूरच्या आरआयटी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी २०२२ मध्ये दोन बैलांच्या मध्ये एक तिसरं चाक बसवलं होतं, खांद्यावरचा भार कमी करायला. फोटो सगळीकडे फिरला. तसलं चाक लावलेली गाडी मला आमच्या रस्त्याला अजून दिसायची आहे.

करायचं काय तर माझ्या डोक्यात एकच साधी गोष्ट आहे. काट्यावरच्या कंप्युटरला गाडीचं पासिंग माहीत असू दे. आरसी करारावेळी घेतलेलीच असते कारखान्याने. पासिंगच्या वरच्या टनाला शेतकऱ्याचं उसाचं बिल पूर्ण मिळू दे, पण वाहतुकीचं बिल शून्य. बास. ज्या दिवशी वरच्या सात टनाचं भाडं मिळायचं बंद होईल त्या दिवशी कोणच सात टन जादा भरणार नाही, आरटीओची गाडी फाट्यावर लपवायची गरज नाही. वाळू-मुरमाच्या गाड्यांना महाखनिजचा ऑनलाईन पास काढायला लावलाच ना सरकारने, मग कारखान्याला तर काटा, कंप्युटर, डेटा सगळं घरचंच आहे.

घरी आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "खेपा वाढतील, वाहतूक वाढेल, आणि ती आपल्याच बिलातून कापतील." बरोबर आहे त्यांचं. आपल्याकडं तोडणी-वाहतूक एफआरपीतूनच वजा होते, खर्च वाढला की तो फिरून शेतकऱ्याच्याच अंगावर येतो. म्हणून नुसती मर्यादा लावून चालणार नाही, त्याच्याबरोबर तळावरची रांग कमी व्हायला पाहिजे. तोडणीचा प्रोग्रॅम मिलच्या कुवतीप्रमाणे लावा, टोकनची वेळ द्या, गाडीला दोन खेपा मिळू द्या, मग टनामागचा खर्च फार वाढत नाही. ते न करता फक्त ट्रकवाल्याला दंड ठोकत बसलात तर तो खड्ड्यात जाणार आणि आपण पण. आणि लांबचा ऊस आणणं थांबवलं तर अजून फरक पडेल. शेजारच्या तालुक्यातला ऊस आपल्या दारावरून पलीकडं जातो आणि आपला त्यांच्या दारावरून, कार्यक्षेत्राच्या भांडणात किती डिझेल आणि किती डांबर जातंय ह्याचा हिशोब कोण मांडत नाही.

सप्टेंबरला वार्षिक सभा असते. सभासदाला प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो, ऐनवेळी उठलं की माईक बंद होतो आणि मंजूर मंजूर सुरू होतं. मी अर्ज लिहून ठेवलाय, आबांच्या सहीने, कारण शेअर त्यांच्या नावावर आहे. प्रश्न दोनच आहेत, मागच्या सीझनला पासिंगपेक्षा जास्त वजनाच्या किती खेपा काट्यावर नोंदल्या, आणि त्या जादा टनावर वाहतूक बिल किती दिलं. तुम्ही पण कुठल्या कारखान्याचे सभासद असाल तर हेच दोन प्रश्न तिथं द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.