मामांचा 24 व्होल्टचा ट्रक घेऊन माळशेजला

जुलैमधल्या एका शनिवारी पहाटे साडेचारला आम्ही कासारवडवलीहून निघालो, मी, मामा आणि मावसभाऊ, मामांच्या जुन्या फोर बाय फोर डिझेल ट्रकमधून. माजिवडा, भिवंडी बायपास, कोन, दुर्गाडीचा पूल, शहाड करत मुरबाड रोडला लागेपर्यंत नीट उजाडलं. टोकावडं मागे पडलं की समोर अख्खी सह्याद्रीची भिंत उभी राहते, पावसात तिच्यावरून पांढऱ्या रेघा उतरत असतात, आणि ट्रकच्या उंच सीटवरून ते बघायला जी मजा येते ती कारमध्ये नाही. घाट चढून खुबी फाट्याला वळलो आणि खिरेश्वरला मुक्काम टाकला, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी समोर, मागे हरिश्चंद्रगड पूर्ण ढगात.

सकाळी मामांनी सेल्फ मारला तर नुसतं कट्‌ कट्‌. परत मारला, तेच. भर पावसात बॅटरी बॉक्सचं झाकण उघडलं, मी मल्टिमीटर लावला, खालची बॅटरी 11.4 व्होल्ट, वरची 12.7. मामा म्हणाले, "अगं, दोन्ही एकाच दिवशी आणल्यात, मग हिला एकटीलाच काय झालं?"

कारण आम्हीच करून ठेवलं होतं. या ट्रकला बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला पुढे दुसरी अशा जोडलेल्या आहेत, म्हणजे 24 व्होल्ट, आणि आमचं सगळं सामान कारचं, बारावालं. छोटा फ्रिज, डॅशकॅम, टायरमध्ये हवा भरायचा पंप. निघायच्या आदल्या आठवड्यात एका वायरमनने सांगितलं की 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर कशाला, खालच्या बॅटरीवरून बारा काढून देतो, आणि दोन वायरी टाकून दिल्या. चाललं पण ते, म्हणून शंकाच आली नाही. पण रात्रभर फ्रिजने एकाच बॅटरीतून करंट खेचला, कॉम्प्रेसर चालू असताना चार अँपिअर, आणि दुसरी बॅटरी नुसती भरलेली बसून राहिली.

जुन्नरकडून टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला निघालेल्या एका ट्रकवाल्याने फाट्यावरून गाडी आत आणली, त्याचीही 24 व्होल्टची, जंपर लावला आणि इंजिन लागलं. पैसे घेतले नाहीत त्याने, चहा घेतला फक्त. इंजिन चालू असताना मी परत मीटर लावला आणि तिथे मला खरी भीती वाटली. दोन्ही मिळून 28.2, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या दृष्टीने सगळं ठीक, पण आत बघितलं तर खाली 12.9 आणि वर 15.3. अल्टरनेटरला फक्त बेरीज कळते, कुठली उपाशी आहे ते कळत नाही. उपाशी बॅटरी व्होल्टेज खाली ओढते, मग उरलेलं सगळं भरलेल्या बॅटरीच्या डोक्यावर पडतं आणि ती उकळते. वरच्या बॅटरीची बुचं काढली तर पाणी आटून प्लेटांचे काठ उघडे पडले होते आणि आंबूस वास येत होता. आठवडाभरात एवढं! परत येईपर्यंत फ्रिज बंदच ठेवला.

नंतर कळंबोलीत ट्रकांचीच कामं करणाऱ्या एका जुन्या वायरमन काकांकडे गाडी लावली. त्यांनी पहिल्यांदा दोन बॅटऱ्यांच्या मधून काढलेली ती बाराची वायर कापली आणि म्हणाले, ताई, जे काढायचं ते दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून काढा. मग त्यांनी फ्रिजचं मागचं स्टिकर दाखवलं, त्यावर 12/24 लिहिलेलं होतं, म्हणजे फ्रिज थेट 24 वर चालतो आणि करंट पण निम्मा लागतो, आणि त्याच्यातच बॅटरी फार उतरायच्या आधी बंद व्हायचं सेटिंग आहे. आम्ही बारा-बारा करत बसलो होतो. मोबाईलचा चार्जर पण तसाच निघाला. राहिले पंप आणि डॅशकॅम, त्यांच्यासाठी 30 अँपिअरचा 24 ते 12 कन्व्हर्टर, स्विचिंगवाला. जुन्या पद्धतीचा, जास्तीचं व्होल्टेज नुसतं गरम करून घालवणारा घेतला तर दहा अँपिअरला 120 वॉट उष्णताच होते, कॅबिनमध्ये तवाच म्हणा ना.

कन्व्हर्टर बॅटरीशेजारी न बसवता डॅशखाली बसवला, हे मला फार आवडलं. 2.5 स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये जाऊन-येऊन दहा मीटरला दहा अँपिअरवर पाऊण व्होल्ट जातो, बारामधून पाऊण गेला की पंप रडतो. तेच लांब अंतर 24 ने कापलं की करंट निम्मा, वाटेत जाणारं व्होल्टेज पण निम्मं. फ्यूज मात्र बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण फ्यूज वायरीला वाचवतो, वायर चेसिसला घासली तर आग लागायच्या आधी तो उडायला हवा. अर्थिंगची वायर चेसिसला लागते त्या जागचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, वायरीच्या टोकाला थिंबल दाबून घट्ट बसवलं, वरून ग्रीस. पंपाची लाईन इग्निशनच्या रिलेवर, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच तिला करंट मिळतो. बॅटऱ्या मात्र दोन्ही नवीन घ्याव्या लागल्या, एकच बदलली असती तर नवी-जुनीची तीच ओढाताण परत. मामांना तो खर्च लागला, मला अजून वाईट वाटतं.

सप्टेंबरमध्ये परत खिरेश्वरला गेलो. रात्रभर फ्रिज चालू होता. सकाळी मामा सेल्फला हात लावायच्या आधी मी मीटर घेऊन खाली उतरले, खालची 12.5, वरची 12.5. "मारा मामा," म्हटलं, आणि पहिल्याच झटक्यात काळा धूर सोडून इंजिन लागलं.