धर्मग्रामातील स्काउट पथक: नुसते सभागृह देऊन भागत नाही

कॅथलिक धर्मग्रामात (एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समाजात) स्काउट पथक आहे असे सांगितले की रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला, गणवेशात दाराशी उभी राहिलेली मुले बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात. पुष्कळ ठिकाणी धर्मग्रामाचा पथकाशी संबंध खरोखरच तेवढा असतो: आठवड्यातून एकदा सभागृहाची किल्ली द्यायची आणि सणाच्या मिरवणुकीत झेंडे धरायला मुलांना बोलवायचे. माझा आक्षेप नेमका याच व्यवस्थेला आहे. पथक धर्मग्रामाच्या नावाने चालत असेल, तर त्याचे नेते निवडण्यापासून मुलांच्या सुरक्षिततेपर्यंतची जबाबदारी धर्मग्रामाने अंगावर घेतली पाहिजे.

स्काउट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरवले, तेव्हा वेगवेगळ्या सामाजिक थरांतील मुले मुद्दाम एकत्र आणून त्यांचे लहान लहान संघ पाडले होते. ही चळवळ प्रॉटेस्टंट इंग्लंडमधून आलेली, म्हणून फ्रान्समधील अनेक कॅथलिकांना ती संशयास्पद वाटत असे. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे फ्रेंच धर्मगुरू जॅक सेव्हँ यांनी मात्र १९१३ साली इंग्लंडला जाऊन ती स्वतः पाहिली आणि १९२० साली फ्रान्समधील कॅथलिक स्काउट संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. स्काउटचे वचन आणि नियम यांत त्यांना ख्रिस्ती जीवनाचीच शिस्त दिसली. ती वरून चिकटवावी लागत नाही, हा त्यांच्या कामाचा मथितार्थ मला आजही पटतो.

कारण धर्मग्रामातील पथकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याचा दुसरा धर्मशिक्षण वर्ग करून टाकणे. मुले शाळेत बसून आलेली असतात, धर्मशिक्षणाला बसलेली असतात आणि येथेही त्यांना बसवलेच जाते. स्काउटिंगची ताकद संघ पद्धतीत आहे. सहा ते आठ जणांचा संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक काम. शिबिरात मिस्सेसाठी वेदी उभारायची असेल, तर बांबू आणि सुतळी घेऊन संघाने ती स्वतः बांधावी. बारा वर्षांचा मुलगा तीन बांबूंची तिवई बांधतो, वरची फळी एका बाजूला कलते, तो गाठ सोडतो, पुन्हा आवळून बांधतो आणि तरीही एका पायाखाली चपटा दगड सारावा लागतो. त्या वेळी जवळ उभ्या असलेल्या मोठ्या माणसाने हात मागे बांधून ठेवावेत. त्याच वेदीवर फादर पवित्र भाकर ठेवतात तेव्हा त्या मुलाचे लक्ष कोठे असेल, हे सांगायला नको. (निम्मे लक्ष दगडावर असते, हेही खरे.)

श्रद्धेच्या अभ्यासाला वेगळी जागा आहेच. अमेरिकेत कॅथलिक स्काउटांसाठी 'आद आल्तारे देई' हे धार्मिक पदक आहे आणि त्याचा अभ्यासक्रम कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह इत्यादी सात संस्कारांभोवती रचलेला आहे. गर्ल स्काउट या मुलींच्या वेगळ्या संघटनेतील मुलींसाठी 'मेरी, द फर्स्ट डिसायपल' यासारखे स्वतंत्र कार्यक्रम आहेत. ही पदके चार रविवारांत उरकण्याची नसतात. पण पालक घाईला येतात आणि पथकेही त्यांचे ऐकतात.

मुलींचा विषय अजूनही दुय्यम धरला जातो, याचे मला नवल वाटते. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्काउट मेळाव्यात मुली स्वतःहून हजर झाल्या आणि पुढच्याच वर्षी मुलींची गाइड चळवळ उभी राहिली. अमेरिकेत ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ साली सव्हॅनामध्ये मुलींचे पथक सुरू केले. तेथील मूळच्या बॉय स्काउट संघटनेने २०१८ साली लहान मुलींना आणि २०१९ साली मोठ्या मुलींना प्रवेश दिला. मुलामुलींची पथके वेगळी असावीत की एकत्र, यावर धर्मग्रामांत दोन्ही बाजूंनी हिरिरीने वाद होतो. माझा कल वेगळ्या पथकांकडे आहे, कारण तेथे तंबू ठोकणे आणि चूल पेटवणे मुलींकडेच येते, कोणी मुलगा येऊन ते हातातून काढून घेत नाही. मात्र वेगळे पथक म्हणजे सजावट आणि विक्रीचे पथक, असा अर्थ कोणी काढू नये.

सुरक्षिततेच्या नियमांत सवलत नको. दोन प्रौढ हजर नसतील तर कार्यक्रमच नाही, आणि कोणताही नेता मुलाबरोबर एकांतात राहणार नाही. अमेरिकेतील त्याच मूळच्या बॉय स्काउट संघटनेवर बाललैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे २०२० साली दिवाळखोरीची कारवाई करण्याची वेळ आली. त्यानंतर तेथील काही धर्मग्रामांनी जबाबदारी नको म्हणून नुसती जागा वापरू देण्याचा करार पत्करला. भीती समजण्यासारखी आहे, पण त्यामुळे नेत्यांची निवड धर्मग्रामाच्या हातातून जाते आणि मुले तर त्याच सभागृहात येत राहतात.

प्रत्यक्षात पथक अडते ते माणसांपाशी. मुलींच्या कार्यक्रमाला नोंदणीकृत महिला नेता हजर असणे अमेरिकेतील त्या संघटनेत सक्तीचे आहे. एकच आई पुढे आली तर दुसऱ्या वर्षी ती थकते आणि पथक नावापुरते उरते. म्हणून मिस्सेनंतर सूचना वाचून दाखवण्यावर न थांबता प्रमुख धर्मगुरूंनी स्वतः तीन-चार महिलांना भेटून विचारावे आणि त्या तयार झाल्यावरच मुलींची नावे नोंदवायला घ्यावीत.