फांदी मोजायची, पण तिची दिशाही बघायची

पावसाळ्यात गोव्यात मायक्रोस्कोपवर काम करायचं म्हणजे आधी बुरशीचा बंदोबस्त. आषाढात ताळगाव पठारावर हवाच ओली असते. काम संपलं की लेन्स पुसून सिलिका जेलच्या डब्यात, हा नेम मी शेवटपर्यंत पाळला. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी विषय घेतला होता उंदराच्या मेंदूतलं मिशांचं स्पर्शक्षेत्र आणि तिथल्या चेतापेशींच्या फांद्या, म्हणजे डेंड्राइट.

स्लाइड तयार मिळाल्या. पेशी रंगवायची इटालियन शास्त्रज्ञ गोल्जीची पद्धत १८७३ सालची: ऊतक आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण होतात त्या टोकापर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसती काळी गिचमीड दिसली असती. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने याच पद्धतीने पेशी सुट्या असतात हे दाखवलं, गोल्जी मात्र सगळ्यांचं मिळून एकच सलग जाळं असतं यावर ठाम राहिला. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून!

खरा कस लागतो फांद्या संगणकावर रेखाटताना. काप दीडशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड. शंभरपट मोठं दाखवणारी ऑइल लेन्स तळापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून चाळीसपटवरच काम. डावा हात फोकसच्या चाकावर, उजवा माउसवर. चाक किंचित फिरवलं की पुसट सावलीची रेघ होते आणि तिच्यावरचे बारीक काटे दिसू लागतात. दोन फांद्या एकमेकींवरून गेल्या तरी फाटा फुटल्यासारखा भास होतो. तिथे घाई करायची नाही. दोन्ही एकाच खोलीवर स्पष्ट होऊन जुळत असतील तरच तो फाटा. फांदी कापाच्या पृष्ठभागाशी येऊन संपली तर ती सुरीने तुटलेली असणार. अशा पेशी मी सोडून दिल्या. जीव तुटायचा, कारण दिसायला त्याच सुंदर असायच्या.

मग शॉलची वर्तुळं. पेशीचा गाभा मध्ये धरून दहा-दहा मायक्रॉनवर वर्तुळं काढायची आणि प्रत्येकाला फांद्या किती ठिकाणी छेदतात ते मोजायचं. शॉलने १९५३ मध्ये मांजराच्या मेंदूवर हे केलं. पद्धत चोख आहे, पण तिला दिशा कळत नाही, आणि या भागात दिशेलाच महत्त्व आहे. वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी १९७० मध्ये दाखवलं की मेंदूच्या बाह्य आवरणाच्या चौथ्या थरात प्रत्येक मोठ्या मिशीसाठी पिंपासारखा एक पेशीगट असतो. पिंपाच्या भिंतीतल्या कित्येक पेशी फांद्या आतल्या पोकळीकडेच पसरतात, कारण त्या मिशीचा निरोप थॅलॅमसकडून (संवेदना पुढे पाठवणारा मेंदूचा आतला भाग) तिथेच येतो. फांद्या चहूकडे असोत की एकाच बाजूला, वर्तुळांवरचा आकडा सारखाच येऊ शकतो.

म्हणून मी प्रत्येक पेशीच्या गाभ्यातून भिंतीला समांतर रेघ मारली आणि आतल्या व बाहेरच्या फांद्यांची लांबी वेगवेगळी मोजली. मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे घाल गो, पण शॉलचा आलेख काढून टाकू नकोस." दोन्ही शेजारी-शेजारी छापले. आलेख जवळपास एकसारखे दिसणाऱ्या पेशींमध्येही आतल्या बाजूचं पारडं किती वेगवेगळं आहे, ते एका नजरेत कळतं.

सगळी रेखाटनं एसडब्ल्यूसी या पेशींच्या रेखाटनांसाठीच्या फाइल-स्वरूपात ठेवली आहेत. प्रत्येक ओळीत बिंदूचा क्रमांक, प्रकार, तीन निर्देशांक, त्रिज्या आणि मागच्या बिंदूचा क्रमांक. पुढच्या बॅचमध्ये कुणाला हाच भाग घ्यायचा असेल तर फायली विभागातल्या संगणकावर आहेत. भिंतीच्या रेघा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत, त्या आधी उघडा.