डोकं दुखतं, मग पोटाची सोनोग्राफी करू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "तुझं डोकं पोटातल्या शिरेमुळे दुखायचं ना? मग मीही सोनोग्राफी करून घेऊ का?" हे मला स्टाफरूममध्ये विचारलं जातं, लग्नात पंगतीत बसल्यावरही विचारलं जातं.

टायफॉइडनंतर माझं वजन ४९ वरून ४१ किलोवर आलं आणि महिन्या-दीड महिन्यात डोकं दुखायला लागलं. रोज. कवटी आतून गच्च भरल्यासारखी वाटायची. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक दुखलं की त्याला जुनाट रोजची डोकेदुखी म्हणतात; माझे तर तीसही दिवस जायचे. मेंदूचा एमआरआय स्वच्छ, डोळे स्वच्छ. वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्यानेही डोकं दुखत राहतं, म्हणून आधी त्या सोडवल्या. थोडा फरक पडला, पण दुखणं गेलं नाही.

डाव्या कुशीतही दुखायचं आणि लघवीच्या तपासणीत रक्तपेशी यायच्या, हे मी डोक्याच्या डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. ते मुतखड्याच्या फाइलमध्ये होतं आणि खडा काही सापडत नव्हता. एका तरुण डॉक्टरबाईंनी "अजून कुठे कुठे दुखतं?" असं विचारलं, तेव्हा दोन्ही फायली पहिल्यांदा एका टेबलावर आल्या.

डाव्या किडनीतून निघणाऱ्या शिरेला रक्त उजवीकडच्या महाशिरेपर्यंत न्यायचं असतं. वाटेत तिच्या मागे महाधमनी आणि पुढे आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी. मधली चरबी झिजली की शीर या दोघींच्या चिमट्यात सापडते. डॉक्टर याला 'नटक्रॅकर' म्हणतात. आपण अडकित्त्यातली सुपारी म्हणू. पुढची वाट अरुंद झाली की रक्त आडवाटा धरतं. काही खाली बीजकोशाच्या शिरेत उतरतं, काही कमरेच्या शिरांमधून मणक्याभोवतीच्या जाळ्यात शिरतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅट्सन यांनी १९४० मध्ये दाखवलं की या जाळ्यातलं रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकतं, कारण तिथल्या शिरांना झडपा नाहीत. हे जाळं थेट कवटीपर्यंत पोचतं. ते फुगलं की मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याला जागा कमी पडते आणि तो ताण वर मेंदूकडे जातो, असा हा विचार. जर्मनीतले डॉक्टर थॉमस शोलबाख यांनी २००७ मध्ये अर्धशिशी आणि डोकेदुखीचा या शिरेशी संबंध जोडला, तोही गृहीतक म्हणून.

म्हणून माझं उत्तर सहसा 'नको' असंच असतं. रोज डोकं दुखणाऱ्या बहुतेकांना अर्धशिशी असते, ताणाची डोकेदुखी असते किंवा गोळ्यांचा अतिरेक झालेला असतो. शिवाय ठणठणीत माणसांतही ही शीर दबलेली दिसते, त्यामुळे नुसता रिपोर्ट काहीच सिद्ध करत नाही. साध्या सोनोग्राफीत हे निसटूनही जातं. डॉप्लर लावून शिरेची रुंदी आणि रक्ताचा वेग मोजावा लागतो. मात्र तुम्ही बारीक असाल, वजन झपाट्याने उतरलं असेल, डावी कूस दुखत असेल, लघवीत रक्त येत असेल, तर हे सगळं एकाच डॉक्टरांसमोर एकाच बैठकीत सांगा. आणि डोकं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नसेल इतकं दुखलं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, तर शिरेचा विचार करत बसू नका, तडक कॅज्युअल्टी गाठा.

स्टेंट नाही, ऑपरेशन नाही; मला आधी वजन वाढवायला सांगितलं. तूप, शेंगदाण्याचे लाडू, दोन वेळचं पोटभर जेवण. वर्षभरात ४७ किलो झाले. लघवी आता स्वच्छ येते. शिरेनेच हे सारं केलं होतं का, हे माझ्या डॉक्टरबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत आणि त्यांचा हा खरेपणा मला फार मोलाचा वाटतो. गेल्या महिन्यात डोकं आठ दिवस दुखलं.