पर्वती-तळजाई फेरी

रविवार.

सहाला निघायचं तर निरोपात पावणेसहा लिहावं. पुण्यात ती पंधरा मिनिटं धरावीच लागतात.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या ऐकायला किरकोळ वाटतात, पण दमवते ती त्यांची बांधणी. पायरी बुटकी, रुंद आणि जरा उतरती. एका पावलात ती ओलांडत नाही, दोन टाकावी लागतात. म्हणजे दर पायरीला वर चढणारा पाय तोच, आणि अर्ध्यातच ती मांडी भरून येते. आठ-दहा पायऱ्यांनी एक आखूड पाऊल जादा टाकलं की पाय बदलतो. पावसाळ्यात कडेला शेवाळ असतं, तेव्हा मधूनच चढलेलं बरं.

गट फुटतो तो माथ्यावर. पुढचे आधी पोचून बसतात, शेवटचा धापा टाकत येतो आणि तेवढ्यात ‘चला’ होतं. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. म्हणून इतिहास पायऱ्यांवरच सांगायला घ्यावा, तोही शेवटचा माणूस आल्यावर. तिथे सांगण्यासारखंही आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी पर्वती सत्याग्रह झाला, शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते. बहुतेक गट पेशव्यांवरच थांबतात, ते अर्धवट वाटतं.

माथ्यावर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर. मधे शंकर, चार कोपऱ्यांना बाकीचे देव, असं पंचायतन. नानासाहेबांचं निधनही इथेच झालं, पानिपतानंतर काही महिन्यांनी, १७६१ मध्ये. मग उत्तरेकडे तोंड करून उभं राहावं: ५ नोव्हेंबर १८१७ ची इंग्रजांशी झालेली खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने इथून पाहिली, असं सांगतात. आता त्या दिशेला इमारतीच फार.

फेरीचा फायदा गुडघ्यांना. पायऱ्या फक्त चढायच्या, उतरायचं मागच्या बाजूने तळजाईच्या टेकडीकडे. तिथे सुटा मुरूम असतो. टाच रोवून ताठ उतरणारा हमखास बसतो. गुडघे किंचित वाकवून, पाय आडवे टाकत, दोघांत चार हात अंतर ठेवून उतरावं. पाणी माणशी लिटरभर.

तळजाईवरून सहकारनगरात उतरलं की डोकी मोजायची. मिसळीच्या ओढीने परस्पर सटकणारे असतातच. जाणाऱ्याने शेपटाला चालणाऱ्याला सांगून जावं, नाहीतर बाकीचे त्याला टेकडीवर हाका मारत बसतात.