चार रकान्यांची वही

स्मरणिकेत बरेच जण स्नेहसंमेलन, सहल, पीटीचे तास याबद्दल लिहितील, लिहायलाच हवं, पण मला लिहायचंय ते नववीतल्या शनिवारांबद्दल. सकाळची शाळा सुटली की आम्ही नऊ-दहा जण वर्गातच थांबायचो. इंग्रजीच्या बाईंच्या पर्समध्ये एक पातळसं पुस्तक असायचं, एली वीझेल यांचं 'नाइट', दुसऱ्या महायुद्धात ज्यू म्हणून नाझींच्या छळछावणीत नेलेल्या मुलाची त्याने स्वतः लिहिलेली हकीकत, त्यातल्या दोन-तीन पानांची झेरॉक्स त्या स्वतःच्या पैशाने काढून आणायच्या. आम्ही मराठी मीडियमची मुलं, इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे एका पानावर वीस-पंचवीस शब्द अडायचे. बाईंनी सांगितलं, दोघांत एक वही करा, त्यात चार रकाने आखा : शब्द, डिक्शनरीतला अर्थ, पुस्तकातला अर्थ आणि चौथा आपला शब्द. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, कधीकधी एका शब्दावर अख्खा तास.

पहिलाच अवघड शब्द 'बीडल'. वीझेल यांच्या सिगेट या तेव्हा हंगेरीत असलेल्या गावातल्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, देखभाल करणारा गरीब माणूस, डिक्शनरी वाचूनही डोळ्यासमोर काही येईना. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, म्हणजे आपला गुरव." बाईंना फार आवडलं ते. मग पुढे वाचलं की परदेशी ज्यू म्हणून त्याला आधीच गावाबाहेर काढलं, जंगलात सगळ्यांना गोळ्या घातल्या, हा जखमी होऊन वाचला आणि परत येऊन दारोदार सांगत फिरला, तर गाव म्हणालं याला वेड लागलंय. आमच्या गावचा गुरव असं सांगत आला असता तर आपण ऐकलं असतं का, हा प्रश्न कुणी विचारला आठवत नाही, पण त्या दिवशी घरी जाताना आम्ही त्याच्यावरच बोलत होतो.

'डिपोर्टेशन'ला मी पटकन 'तडीपारी' लिहिलं, पेपरात वाचलेला शब्द होता. बाईंनी विचारलं, तडीपार कोणाला करतात? गुंडाला. मग या ज्यूंनी काय केलं होतं? मी खोडलं आणि 'हद्दपारी' लिहिलं. तेही पुरेसं नव्हतं, कारण हद्दपार केलेला माणूस हद्दीपलीकडे जगू शकतो, आणि इथे १९४४ च्या मे ते जुलै या दोन महिन्यांत हंगेरीच्या ताब्यातल्या भागातून सव्वाचार लाखांहून जास्त ज्यूंना मालगाड्यांत कोंबून नेलं, बहुतेकांना पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझींच्या मृत्युछावणीत, आणि त्यातले बहुसंख्य पोचल्या पोचल्याच मारले गेले. 'कापो'ला कुणीतरी 'मुकादम' सुचवलं. बाई म्हणाल्या मुकादम संध्याकाळी घरी जातो, कापो स्वतःही कैदीच असतो, कैद्यांवर नेमलेला कैदी. तिथे आम्ही 'कापो'च ठेवलं.

पण मला सगळ्यात लक्षात राहिला तो 'सिलेक्शन'. हा शब्द आम्ही अवघड शब्दांत घेतलाच नव्हता, कारण तो सगळ्यांना येत होता, त्याच आठवड्यात कबड्डीच्या टीमचं सिलेक्शन झालं होतं, नोटीस बोर्डवर यादी लागली होती आणि आमच्यातल्या दोघी त्यात होत्या. बाई म्हणाल्या हा पण लिहा. सगळ्यांनी लिहिलं 'निवड'. मग त्यांनी सांगितलं की बिर्केनाऊला, म्हणजे ऑशविट्झच्याच एका भागात, गाडीतून उतरवल्यावर आधी पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, मग एस एस या नाझी दलाचा डॉक्टर समोर उभा राहून हाताने खूण करायचा, एक बाजू कामाला आणि दुसरी गॅस चेंबरला. वीझेल तेव्हा पंधरा वर्षांचे. एका कैद्याने हळूच सांगितलं म्हणून त्यांनी वय अठरा सांगितलं. आई आणि धाकटी बहीण त्यांना परत कधीच दिसल्या नाहीत. पुढे छावणीतही सिलेक्शन व्हायचंच, डॉक्टरांसमोरून उघड्याने पळायचं आणि नंबर लिहून घेतला गेला की संपलं.

वर्गात कुणी बोलेना. माझ्या शेजारची म्हणाली, "बाई, आई तांदूळ निवडते, खडे बाजूला काढते, तशी निवड का?" आणि मग स्वतःच म्हणाली, "पण ती तर माणसं होती." बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, हेच लिही, जसं बोललीस तसं. माझ्या वहीत चौथ्या रकान्यात ते तिच्याच अक्षरात आहे. आजही ताट घेऊन निवडायला बसले की ते आठवतंच.

'कद्दिश' शाळेच्या डिक्शनरीत सापडला नाही. बाईंनी आम्हा दोघींना अलिबागच्या इस्राएल आळीत, कोकणातल्या ज्यूंच्या वस्तीत, पाठवलं. माझी आजी त्या लोकांना शनवार तेली म्हणायची, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून, पण तोवर बरीच कुटुंबं इस्रायलला गेलेली. एका आजोबांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि चक्क आपल्या मराठीत समजावलं की ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, ती म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि तिच्यात मरणाचा शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती. पुस्तकात लोक भट्टीसमोर उभे राहून स्वतःसाठीच कद्दिश म्हणू लागतात असं आम्ही सांगितलं, तर आजोबा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

बाईंनी शेवटी एक शब्द पुस्तकाबाहेरचा दिला, 'जेनोसाइड'. हा शब्दच १९४४ पूर्वी छापला गेला नव्हता, पोलंडमधले ज्यू वकील राफाएल लेमकिन यांनी ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून तो घडवला, कारण जे चाललं होतं त्याला नावच नव्हतं. शब्द माणसं गरजेपोटी बनवतात हे मला तेव्हा कळलं, आणि मी पुढे भाषा घेऊन एमए केलं, आता भाषांतराची कामं करते, त्याची सुरुवात त्या वर्गात आहे. बाई आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

माझ्याकडची वही 'बुना'पर्यंतच आहे, ऑशविट्झजवळची ती कामाची छावणी. तिथून पुढे जर्मनीतली बुखेनवाल्ड छावणी, वीझेल यांच्या वडिलांचं जाणं, ११ एप्रिल १९४५ ची सुटका हे सगळं दुसऱ्या वहीत होतं आणि ती वही माझ्या जोडीदारणीकडे राहिली, लग्नानंतर तिचा पत्ता बदलला. कार्यक्रमाला येणार असशील तर ती घेऊन ये गं. मी माझी आणतेय.